'कमेंड' लिहायचं होतं, 'कमांड' छापलं: इंग्रजीत कौतुक करायची वेळ आलेल्यांसाठी

बेळगावात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, गणेश मंडळांच्या स्मरणिका, सत्काराची मानपत्रं, जे येईल ते. एकाच कागदावर वर कन्नड, मधे मराठी आणि खाली इंग्रजी असं काम आठवड्यातून एकदा तरी असतंच. कन्नड आणि मराठी मजकूर लोक चार जाणत्यांना दाखवून आणतात. इंग्रजीचं विचारलं की, "तुम्हीच घाला की काहीतरी चांगलं," म्हणून मोकळे होतात.

असंच एका गावच्या मंडळानं माजी सैनिकांच्या सत्काराचं काम दिलं. चाळीस प्रमाणपत्रं, ३०० जीएसएमचं जाड आर्ट कार्ड, सोनेरी किनार. इंग्रजी मजकूर माझा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गठ्ठा न्यायला एक सुभेदार काका आले. कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी पहिलं कार्ड वाचलं, परत एकदा वाचलं आणि म्हणाले, "हितं लिहिलंय, मंडळ मला हुकूम सोडतंय. रिटायर झालो की गा मी आता."

'कमेंड' म्हणजे रीतसर कौतुक करणं, त्याचं 'कमांड', म्हणजे हुकूम देणं, झालं होतं. चाळीसच्या चाळीस कार्डांवर. संगणकानं खाली लाल रेघ ओढली नव्हती, कारण 'कमांड' हाही शुद्धच शब्द. रात्री दीड वाजेपर्यंत सगळी कार्डं पुन्हा छापली, कार्डांचे पैसे माझ्या खिशातून गेले. त्या कामात आणखी एक चूक होती. ती मला वर्षभरानं कळली. तिच्याकडं पुढं येतो.

तेव्हापासून मी कौतुकाच्या इंग्रजी शब्दांची एक वही ठेवली आहे. मानपत्र, शिफारसपत्र, निरोपसमारंभाचं भाषण, स्पर्धा परीक्षेतले समानार्थी शब्द, कशासाठीही तुम्हाला इंग्रजीत कुणाला चांगलं म्हणायचं असेल तर ही वही उपयोगी पडेल. इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहिलेत. स्पेलिंग जिथं घात करतं तिथं अक्षरं फोडून सांगितली आहेत.

जवळ काय काय हवं

- शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांचेही मोबाइलवर फुकट बघता येतात. नुसता इंग्रजी-मराठी कोश पुरत नाही. त्यात 'कमेंड' काढा, 'स्तुती करणे, प्रशंसा करणे' लिहिलेलं सापडेल. 'प्रेझ' काढा, तेच. 'लॉड' काढा, तेच. सगळेच एका मापाचे, तर निवडणार कसं?
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची, आणि आजही कामाचा. आपल्याच शब्दांच्या छटा बघायला घ्यायचा. तोही इंटरनेटवर आहे.
- ज्याचं कौतुक करायचं त्याच्या नावाचं स्पेलिंग, त्याच्या आधार कार्डावरून उतरवलेलं. आपल्याकडं एकाच घरातले तीन पाटील तीन तऱ्हेनं आडनाव लिहितात.
- गावाच्या नावाचं सरकारी स्पेलिंग. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी इंग्रजीत 'बेलगाम' जाऊन 'बेळगावी' आलं. तुम्ही बोलताना काय म्हणता हा वेगळा विषय, पण सरकारी कचेरीत जाणाऱ्या कागदावर नवंच घाला, नाहीतर परत हेलपाटा.
- पेन्सिल. पेन नको.

१. इंग्रजी बाजूला ठेवा, आधी मराठीत चार गोष्टी विचारा

कौतुक कोण करतंय? कुणाचं? कशाबद्दल? आणि कुणासमोर?

एवढ्यानं निम्मं काम होतं, कारण ही निवड मराठीत आपण रोज न चुकता करतो. पोराला शाबासकी देतो, गवयाला दाद देतो, देवाची स्तुती करतो, साहेबाची खुशामत करतो, नव्या सुनेच्या हातच्या पुरणपोळीची तारीफ करतो. आता ही जागा जरा हलवून बघा. "मी देवाला शाबासकी दिली." "नातवानं आजोबांची पाठ थोपटली." हसू आलं ना? चुकीचा शब्द पडला की इंग्रजी वाचणाऱ्यालाही असंच हसू येतं, फक्त आपल्या कानाला ते जाणवत नाही.

म्हणून वहीत आधी मराठी शब्द लिहायचा. शाबासकी, दाद, गौरव, शिफारस, अभिनंदन, आभार, जो खरा मनात आहे तो. 'प्रशंसा' लिहून पळवाट काढू नका. तो सगळ्या कुलपांना लागणाऱ्या किल्लीसारखा आहे, एकही नीट उघडत नाही.

२. 'कमेंड'ची तीन घरं ओळखा

हा शब्द लॅटिनमधून आला. तिथं त्याचा अर्थ होता हाती सोपवणे, हवाली करणे. 'कमांड' आणि 'रेकमेंड' हे त्याचेच भाऊबंद, मूळ एकच. माझ्या चाळीस कार्डांवर सख्खा भाऊ भावाच्या जागी जाऊन बसला होता म्हणायचं. मूळ अर्थ सोपवण्याचा, हे डोक्यात ठेवलंत तर पुढचे तिन्ही अर्थ सुटे सुटे पाठ करावे लागत नाहीत.

पहिलं घर कौतुकाचं. कुणीतरी अधिकारानं, रीतसर, चारचौघांत किंवा कागदावर केलेलं कौतुक. न्यायाधीश साक्षीदाराच्या धैर्याबद्दल करतात, वरिष्ठ अधिकारी शिपायाच्या कामगिरीबद्दल करतात, परीक्षक स्पर्धकाबद्दल करतात. 'शी वॉज कमेंडेड फॉर हर करेज' म्हणजे तिच्या धैर्याची अधिकृतपणे वाखाणणी झाली. घरी आईनं "छान झाली हं भाकरी" म्हटलं तर ते 'कमेंड' होत नाही.

आपल्या भागात हा शब्द फौजेतून घरात आला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच, त्यामुळं खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या कितीतरी घरांत भिंतीवर फौजी फोटो आहेत. त्याशेजारी कधी लष्करप्रमुखांचं कमेंडेशन कार्डही चौकटीत लावलेलं दिसतं. कमेंडेशन म्हणजे काय हे त्या घरातल्या माणसाला कोश न उघडता माहीत असतं.

दुसरं घर शिफारशीचं. 'आय कमेंड धिस बुक टू यू' म्हणजे हे पुस्तक वाचाच, असं मी सुचवतो. हा वापर आता जरा जुनाट वाटतो, रोजच्या लिखाणात त्याची जागा 'रेकमेंड'नं घेतली आहे. तरी एका ठिकाणी तो दरवर्षी ऐकू येतो. १ फेब्रुवारीला टीव्हीवर अर्थसंकल्पाचं भाषण शेवटपर्यंत ऐका. अर्थमंत्री शेवटी 'आय कमेंड द बजेट टू द हाउस' अशा धर्तीचं वाक्य म्हणतात. म्हणजे मंत्री आपल्याच अर्थसंकल्पाची वाहवा करताहेत असं नाही. हा अर्थसंकल्प मी सभागृहाच्या हाती सोपवतो, त्यानं तो स्वीकारावा, असा त्याचा अर्थ. दुकानात टीव्ही बघत बसलेल्या एका मास्तरांनी मला त्यावरून विचारलं होतं, "स्वतःच स्वतःची पाठ थोपटतात की हो हे?" मला तेव्हा उत्तर आलं नव्हतं.

तिसरं घर सोपवण्याचं, म्हणजे मूळ अर्थाचं. हे आता प्रार्थनेत उरलं आहे. इंग्रजी बायबलच्या जुन्या भाषांतरात क्रुसावरचा येशू आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवतो, तिथं 'कमेंड' हेच क्रियापद आहे. कॅम्पातल्या चर्चमध्ये कुणाच्या अंत्यविधीला गेलात आणि हा शब्द कानावर पडला तर तिथं कौतुक चाललेलं नाही, निरोप चाललाय.

घर कसं ओळखायचं? मागं 'फॉर' असेल तर कौतुक, 'टू' असेल तर शिफारस किंवा सोपवणं. शंभरातल्या बहुतेक वाक्यांना हे लागू पडतं.

'हॅज मच टू कमेंड इट' अशी एक ठरीव रचना वाचनात येते. या गोष्टीत घेण्यासारखं पुष्कळ आहे, असा तिचा अर्थ. परीक्षेच्या उताऱ्यात ती आली की मुलं अडखळतात.

३. तोतये बाजूला काढा

'कमांड' झाला. 'कमेंड'मध्ये दुसऱ्या एमनंतर ई, 'कमांड'मध्ये ए. एका अक्षरानं माझे पैसे गेले.

'कमेंट' म्हणजे शेरा. तिथं जोर पहिल्या अक्षरावर पडतो आणि शेवटी ट. 'कमेंड'मध्ये जोर दुसऱ्यावर, मेंडवर.

'कंडेम' म्हणजे निषेध करणं, दोषी किंवा निकामी ठरवणं. सगळ्यात घातक तोतया हाच, कारण अर्थ थेट उलटा. पण तो आपल्याला लक्षात ठेवायला सोपा आहे. मोडीत काढायच्या गाडीला आपण 'कंडम गाडी' म्हणतो की नाही? ते हेच. निरोपसमारंभाच्या पत्रात मुख्याध्यापकांना कंडम करू नका.

'रेकमेंड' हा तोतया नव्हे, तो भाऊच. मात्र मागं 'फॉर' दोघांनाही लागतं, म्हणून गोंधळ होतो. मी असं लक्षात ठेवलंय: झालेल्या कामासाठी 'कमेंड', होणाऱ्या कामासाठी 'रेकमेंड'. पुरात लोकांना बाहेर काढलं म्हणून 'कमेंडेड', शिपायाच्या जागेवर घ्यावं म्हणून 'रेकमेंडेड'. स्पेलिंगमध्ये 'रेकमेंड'ला एक सी आणि दोन एम. दोन सी घालणारे पदवीधर मी रोज बघतो.

४. समानार्थी शब्दांचं माप घ्या

इथं वेळ द्या. घाई करून कुठलाही शब्द उचलला की काम फसतं ते इथंच.

*प्रेझ.* सगळ्यात साधा आणि सगळीकडं चालणारा. देवापासून लेकरापर्यंत कुणालाही. त्याचं मूळ 'किंमत' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, 'प्राइस' त्याचाच सोबती. आपण 'माणसाचं मोल ओळखलं' म्हणतो, तीच कल्पना. काहीच सुचलं नाही तर हा वापरा, कुणी हसणार नाही. नाम म्हणून वापरताना अनेकवचन करू नका. 'सिंग समवन्ज प्रेझेस' ही ठरीव रचना त्याला अपवाद, आणि तिचा अर्थ अगदी आपला: गोडवे गाणे.

*अप्रिशिएट.* हाही किंमतीच्याच कुळातला. रुपया 'अप्रिशिएट' झाला म्हणजे त्याचा भाव वधारला. माणसांच्या बाबतीत मात्र त्याचे दोन अर्थ जपून वेगळे ठेवायला लागतात. एक, कदर करणे, आभार मानणे. दुसरा, समजून घेणे. एका गिऱ्हाईकाच्या कर्जाच्या अर्जाला उत्तर आलं, त्यात सुरुवातीला 'वी अप्रिशिएट युअर डिफिकल्टी' होतं. तो पेढे घेऊन दुकानात आला, अडचणीचं कौतुक केलंय म्हणजे कर्ज झालंच म्हणून. खाली दोन ओळींवर नकार होता. अडचण समजते, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. पेढे आम्ही खाल्ले, काय करणार.

आणखी एक. विनंती करताना 'आय वुड अप्रिशिएट इट इफ' असं लिहा. मधलं 'इट' आपल्याकडच्या दहा अर्जांतल्या नवात गायब असतं.

*अ‍ॅडमायर.* याच्या मुळाशी आश्चर्य आहे, थक्क होऊन बघणं. आणि गंमत बघा, आपल्या 'कौतुक'चा संस्कृतातला अर्थही कुतूहल, नवल असाच. आई रांगत्या बाळाकडं बघते ते कौतुक आणि 'अ‍ॅडमायर' हे एकाच विहिरीचं पाणी. हा शब्द मनातला आहे. बोलून दाखवायलाच पाहिजे असं नाही, आणि लहानानं मोठ्याबद्दल वापरला तरी शोभतो. गुरुजींबद्दल, वडीलधाऱ्यांबद्दल लिहिताना मी आता आधी हाच बघतो.

*अप्लॉड.* मूळ टाळ्यांचं. प्रत्यक्ष टाळ्या न वाजवताही चालतो, एखाद्या निर्णयाचं जाहीर स्वागत करताना. मराठीत जवळचा शब्द दाद. हा 'दाद' फारसीतून आला, तिथं त्याचा अर्थ न्याय. म्हणून तर आपण कोर्टात दाद मागतो आणि मैफलीत दाद देतो. गाण्याला त्याचा न्याय मिळाला, म्हणजे दाद मिळाली.

*अ‍ॅक्लेम.* याच्या मुळाशी ओरडणं आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर यात्रेत यल्लम्माचा 'उदो उदो' ऐकलाय? हजारो गळ्यांतून एकदम उठलेला? 'अ‍ॅक्लेम' म्हणजे ते. एकट्यादुकट्यानं दिलेल्या शाबासकीला हा शब्द लावला तर सदऱ्याला शेरवानी म्हटल्यासारखं होतं.

*लॉड, एक्स्टॉल, हेल.* 'लॉड' वर्तमानपत्राच्या मथळ्यांत फार, कारण चार अक्षरांत बसतो. बोलताना कुणी वापरत नाही. 'एक्स्टॉल'चा मूळ अर्थ वर उचलणे, आपलं 'डोक्यावर घेणे' त्याच्या शेजारचं. दोन्ही भारदस्त आहेत, मानपत्रात एकदा चालतात, दोनदा आले की भाटगिरी वाटते. 'हेल'चं त्रांगडं आहे. 'हेल्ड अ‍ॅज' म्हणजे अमुक म्हणून गौरवलं. 'हेल्स फ्रॉम निपाणी' म्हणजे मूळचा निपाणीचा. आणि नुसता 'हेल' आकाशातून पडला तर त्या गारा.

*कॉम्प्लिमेंट.* छोटंसं, समोरासमोरचं, एखाद्याच गोष्टीबद्दलचं. साडी छान आहे, अक्षर सुंदर आहे. स्मरणिकेतल्या जाहिरातींवर 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम' असतं, तिथं मात्र अर्थ शुभेच्छांचा. स्पेलिंगची खोड इथंही आहे: एल नंतर आय असेल तर कौतुक, ई असेल तर पूरक. ई घातलेल्या जाहिराती मी स्वतः छापल्यात, कुणीच तक्रार केली नाही, म्हणून सांगतोय.

*काँग्रॅच्युलेट आणि फेलिसिटेट.* अभिनंदन आणि सत्कार. लग्न झाल्याबद्दल अभिनंदन करता येतं, 'प्रेझ' नाही. लग्न करण्यात कर्तबगारी काय? 'फेलिसिटेट' आपल्या देशातल्या इंग्रजीत शाल, श्रीफळ, फेटा यांसकट येतो, परदेशातल्या माणसाला तो जड वाटतो. त्याचं मूळ 'सुखी' या अर्थाच्या लॅटिन शब्दात. आणि आपलं 'शाबास'? फारसीतल्या 'शाद बाश'वरून, म्हणजे आनंदी राहा.

*युलोजाइझ.* मूळ अर्थ चांगलं बोलणे. पण 'युलोजी' म्हटलं की इंग्रजी वाचणाऱ्याला आधी आठवतं ते मृतासाठीचं भाषण. निवृत्त होणाऱ्या बाईंच्या कार्यक्रमपत्रिकेत 'युलोजी' घालायला निघालेल्या एका मंडळाला मी वेळेत थांबवलं. बाई पुढच्या रांगेत बसणार होत्या.

*फ्लॅटर.* खुशामत, मस्का, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. दुसऱ्याबद्दल वापरला की वाईट, स्वतःबद्दल मात्र नम्र. 'आय अ‍ॅम फ्लॅटर्ड' म्हणजे एवढं बोललात, मी भरून पावलो.

५. शेपूट तपासा

प्रत्येक क्रियापदामागं लागणारा छोटा शब्द ठरलेला आहे. मराठीत सगळीकडं 'बद्दल' चालतं म्हणून आपण इंग्रजीतही सगळीकडं 'फॉर' ढकलतो. 'प्रेझ', 'कमेंड', 'अप्लॉड', 'अ‍ॅडमायर' यांना 'फॉर'. 'काँग्रॅच्युलेट' आणि 'कॉम्प्लिमेंट' यांना 'ऑन'. 'अप्रिशिएट'ला माणसानंतर शेपूट जोडायला जाऊ नका, थेट गोष्ट लिहा: 'वी अप्रिशिएट युअर हेल्प'. पाठ करा, दुसरा इलाज नाही.

६. उंची मोजा

आता ती दुसरी चूक.

पुढच्या वर्षी तेच मंडळ त्याच कामासाठी आलं. मी जुनी फाइल उघडली, 'कमेंड' बरोबर आहे हे तीनदा बघितलं आणि प्रूफ काढलं. योगायोगानं सुभेदार काका वेगळ्याच कामाला, पेन्शनच्या कागदांच्या झेरॉक्ससाठी आलेले. त्यांना दाखवलं, जरा ऐटीतच. म्हटलं, "काका, बघा, यंदा बरोबर आहे."

काकांनी वाचलं. "स्पेलिंग बरोबर आहे रे. खरं कमेंडेशन साहेब देतात. पोरं देत नाहीत."

मंडळाची पोरं विशीतली. ज्यांना कार्ड द्यायचं ते साठीच्या पुढचे. 'कमेंड' करणारा परीक्षकाच्या खुर्चीत बसलेला असतो. मी तपासलं, मला पटलं, शाबास. वर्तमानपत्र सरकारला 'कमेंड' करतं तेव्हा तेही ती खुर्ची ओढूनच बसलेलं असतं. गावच्या पोरांनी सुभेदाराला 'कमेंड' करायचं म्हणजे नातवानं आजोबांची पाठ थोपटण्यातली गत. कुणी रागावलं नव्हतं, कुणाला कळलंही नव्हतं बहुतेक. पण ज्याला कळत होतं त्याच्याच भिंतीवर ते कार्ड वर्षभर लागलं होतं.

म्हणून उंचीचा हिशेब असा ठेवा. वरून खाली: 'कमेंड', 'प्रेझ'. बरोबरीत: 'काँग्रॅच्युलेट', 'कॉम्प्लिमेंट', 'अप्लॉड'. खालून वर: 'अ‍ॅडमायर', 'ऑनर', 'सॅल्यूट', नाहीतर सरळ 'आर ग्रेटफुल टू'. 'प्रेझ' खालून वरही चालतो, देवाला चालतोच की. 'ऑनर'मधला एच लिहायचा, उच्चारायचा नाही.

स्पर्धेतही उंचीचा एक सापळा आहे. चित्रकलेच्या किंवा निबंधाच्या परदेशी स्पर्धेत मुलाला 'हायली कमेंडेड' मिळालं तर अख्ख्या गल्लीत कुंदा वाटण्याआधी नियम वाचा. पहिला, दुसरा, तिसरा झाल्यावर जे देतात ते हे. आपल्याकडं त्याला उत्तेजनार्थ म्हणतात. वाटा कुंदा, वाटू नका असं नाही, फक्त फलकावर 'प्रथम' लिहू नका.

७. कन्नड ओळीशी ताडून बघा

तीन भाषांत मजकूर असेल तर तिन्ही ओळी एकाच पट्टीत हव्यात. वर कन्नडमध्ये गौरव आणि खाली इंग्रजीत शाबासकी असं झालं की कागद तिरका दिसतो. दोन्ही भाषा जाणणारं माणूस आपल्याकडं गल्लीगल्लीत आहे, त्याला विचारा.

माझ्या वहीतल्या जोड्या अशा. 'होगळु' म्हणजे साधं 'प्रेझ'. 'मेच्चु' म्हणजे पसंत पडणं, कदर करणं, 'अप्रिशिएट'च्या जवळ. 'श्लाघिसु' हा भारदस्त, अधिकृत शब्द, 'कमेंड'शी चांगला जुळतो, आणि 'श्लाघनीय' म्हणजे 'कमेंडेबल'. मराठीत त्या जागी 'स्तुत्य' बसतो. स्तुत्य उपक्रम आपण पेपरात वाचतोच. 'फ्लॅटरी'ला कन्नडमध्ये 'मुखस्तुति' म्हणतात. आपल्या 'तोंडपुजेपणा'पेक्षा मला तो शब्द जास्त आवडतो. 'शहब्बास' तर दोन्हीकडं जवळजवळ सारखाच, त्याला भाषांतर लागत नाही.

८. छापण्याआधी

प्रूफ कागदावर काढा, पडद्यावर बघून 'ओके' म्हणू नका. उलटं वाचा, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडं. म्हणजे डोळा अर्थाच्या ओघात घसरत नाही आणि 'कमांड'सारखे शुद्ध पण चुकीचे शब्द सापडतात. मोबाइलवरून मजकूर पाठवत असाल तर आपोआप शब्द बदलणारी सोय आधी बंद करा. आणि ज्याचा सत्कार आहे त्याच्याच वयाच्या, त्याच्याच पेशातल्या एका माणसाला वाचायला द्या. भाषेचा प्राध्यापक नसला तरी चालेल.

त्या मंडळाच्या कार्डावर आता हे असतं: 'द पीपल ऑफ अवर व्हिलेज ऑनर यू फॉर युअर सर्व्हिस टू द नेशन, अँड रिमेन ग्रेटफुल.' वर मराठीत 'गावाच्या वतीनं कृतज्ञतापूर्वक गौरव'. 'कमेंड' कुठंच नाही.

यंदाचं प्रूफ सुभेदार काकांनीच वाचलं, दुकानाच्या पायरीवर बसून, चहा गार होईपर्यंत. शब्द सगळे बरोबर होते. एका हवालदाराच्या आडनावातला ई तेवढा गळला होता, तो त्यांनी पेन्सिलनं वर घातला आणि कागद माझ्याकडं सरकवला.